दोनदा दाबायचा ब्रेक

दादा,

तुझ्या गाडीचा ब्रेक चार वर्षांपूर्वीच गेलेला होता, आणि ते तुला माहीत होतं. काल दुपारी मुरुगेसनने हे मला सांगितलं. तुझा नेहमीचा मेकॅनिक, ज्याच्याशिवाय तू गाडीला कुणाला हात लावू देत नव्हतास, तोच. बॉनेटखालून सोडवलेला मास्टर सिलिंडर त्याने वर्तमानपत्रावर ठेवला होता. ब्रेकचं तेल ज्याच्या जोरावर चाकापर्यंत पोचतं तो हा भाग. आतली रबरं पार झिजलेली, भिंत ओरखडलेली. तो तुला 'सार' म्हणायचा, म्हणजे साहेब. मी त्याला तीनदा विचारलं, "हे सारना माहीत होतं?" तीनही वेळा तो एकच म्हणाला, "माहीत होतं, अक्का."

म्हणून हे पत्र. 'प्रिय' लिहून सुरुवात करायची असते, ते आज जमलं नाही.

खरं तर मी तुझ्यावर दुसरंच काही लिहायला घेतलं होतं. गेल्या आठवड्यात तुझं वर्षश्राद्ध झालं. महाराष्ट्र मंडळाच्या पत्रकासाठी दोन पानं मागितली होती आणि मी ती जवळजवळ पुरी केली होती. शिस्तीचा माणूस, शब्दाचा पक्का, सदतीस वर्षं संरक्षण खात्याच्या कारखान्यात तपासणी विभागात, एक बोल्टसुद्धा त्याच्या सहीशिवाय बाहेर गेला नाही, वगैरे. काल संध्याकाळी घरी आल्यावर ती पानं फाडली. मंडळाला कळवलं की मजकूर वेळेत होणार नाही. आजवर एकदाही मी मुदत चुकवली नव्हती, दादा. तुझ्यामुळे चुकवली.

आईच्या हाताबद्दल तुला कोण सांगणार? मीच सांगते. तू गेल्यावर आठ महिन्यांनी नीता वहिनी आईला डोळे तपासायला घेऊन निघाली होती. वेलचेरीच्या मुख्य रस्त्यावर पुढची शेअर ऑटो माणूस घ्यायला एकदम थांबली. वहिनीने ब्रेक दाबला. पाय तळाला गेला. गाडी थांबलीच नाही, जाऊन ऑटोच्या मागच्या बाजूवर आदळली. वेग फार नव्हता. ऑटोतल्या लोकांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. आईने मात्र पुढे हात टेकला होता. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. आत धातूची पट्टी घातली आहे. चार महिने झाले, अजून तिला वाटीभर आमटी उचलता येत नाही.

तो ऑटोवाला उतरून ओरडला होता, "ब्रेक इल्लैया?" ब्रेक नाही का गाडीला? सगळ्या चेन्नईत खरा प्रश्न त्या एकट्याने विचारला. आणि आम्ही म्हटलं, काय उद्धट माणूस आहे!

आम्हाला तो प्रश्न पडलाच नाही. का पडला नाही, ते तुला सांगते. तुझ्या गाडीचा ब्रेक दोनदा दाबायचा असतो, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत होतं. पहिल्यांदा दाबायचा तो नमस्कार, दुसऱ्यांदा दाबायचा तो ब्रेक. तूच शिकवलं होतंस. आईला माहीत, मला माहीत, माझ्या नवऱ्याला माहीत, मुक्ता पाचवीत होती तेव्हापासून तिलाही. मागच्या सीटवरून ती ओरडायची, "बाबा, नमस्कार!" आणि तू हसत पाय मारायचास. तो बिघाड आहे हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. घरात तपासनीस असल्यावर आपण कशाला तपासायचं?

कोवलमहून परत येतानाची ती गोष्ट आठवते? रस्त्यात म्हैस आली होती. तू धडाधड तीनदा पाय मारलास आणि गाडी तिच्या शिंगांपासून हातभर अंतरावर थांबली. आम्ही टाळ्या वाजवल्या! काय पण माणसं आम्ही. ब्रेक लागत नाही म्हणून टाळ्या!

तर अपघातानंतर तिसऱ्या दिवशी मी तुझ्या बिल्डिंगखाली गेले. गाडी तिथे आणून उभी केली होती, पुढचं नाक चेपलेलं. मी आत बसले. पेडल दाबलं, पुन्हा दाबलं. पेडल घट्ट झालं. मी उतरून सगळ्यांना सांगितलं, "ब्रेक ठीक आहे." दोनदा दाबून! मला गाडी तू शिकवलीस ना, पाय तुझ्यासारखाच चालतो.

आणि मग हॉस्पिटलात, आईच्या खाटेशी, मी वहिनीला म्हणाले, "अगं, दोनदा दाबायला काय झालं होतं?"

हे मी म्हणाले. ते तुझ्या खात्यावर टाकत नाही. पण ते वाक्य माझ्या तोंडात आलं कुठून?

आई तर अजून तेच म्हणते. "विनू दोनदा दाबायचा. अठरा वर्षं चालवली, कुणाला ओरखडा नाही. हिला एवढंही लक्षात राहू नये?" हॉस्पिटलातून ती तुझ्या घरी गेलीच नाही, सरळ माझ्याकडे पेरुंगुडीला आली. येताना काय आणलं? दोन लुगडी, औषधांचा डबा आणि तुझा फोटो. त्या दिवसापासून ती वहिनीशी बोललेली नाही. वहिनी दर रविवारी येते, शेअर ऑटोने, आता ती गाडीला हात लावत नाही. आईला आवडतात म्हणून साबुदाण्याच्या पापड्या आणते. आई त्या मुक्ताला खायला लावते. तुझ्या वर्षश्राद्धाला सगळा स्वयंपाक वहिनीने केला. आईने भटजींना विचारलं, "खीर कुणी केली?" आणि उत्तर आल्यावर तिने वाटी बाजूला सरकवली. पाहुण्यांसमोर!

वहिनीने सांगलीला बदली मागायचं ठरवलं आहे. बँकेत सोमवारी अर्ज द्यायचा शेवटचा दिवस आहे. मुक्ता नववीत. तिला मराठीपेक्षा तमिळ बरं येतं, तिथे जाऊन काय करणार ती? पण वहिनी म्हणते, या गावात आता तिचं घर कुठलं?

आता मुरुगेसनने काय सांगितलं ते ऐक. तुला ते पाठच असणार, पण मला एकदा लिहून काढू दे.

गाडी विकायची म्हणून वहिनीने ती त्याच्याकडे ओढून न्यायला सांगितली. विकायच्या आधी पुढचं नाक सरळ करायचं, म्हणून त्याने बॉनेट उघडलं. त्याने मला फोन केला. वहिनीला केला नाही, कारण तिला सांगायचं धाडस होईना. मी गेले. त्याने हात पुसले. मग म्हणाला, "अक्का, सार होते तोवर मी बोललो नाही. आता बोललो नाही तर पाप लागेल."

त्याचं म्हणणं असं. सुनामी आली त्या वर्षी, उन्हाळ्यात, त्याने तुला सांगितलं की मास्टर सिलिंडर बदला. तू म्हणालास, आण नवा. त्याने आणला. तू खिशातून मायक्रोमीटर काढलास आणि त्याच्या दुकानात, स्टुलावर बसून, नव्या सिलिंडरचा व्यास मोजलास. म्हणालास, नापास. त्याने दुसरीकडून आणला. नापास. तिसरा तू स्वतः माउंट रोडवरून आणलास, दुकानदाराला तिथेच माप दाखवलं होतंस म्हणे, आणि घरी येऊन पुन्हा मोजून तोही परत केलास. मुरुगेसन म्हणाला, "सार, कसाही असू दे, जुन्यापेक्षा बरा आहे." त्यावर तू काय म्हणालास?

"मापात न बसणारा भाग मी गाडीला लावणार नाही."

दादा! आणि जो गाडीत होता तो? तो कुठल्या मापात बसत होता? नव्या तीन भागांना तू केसाच्या शंभराव्या भागासाठी नापास केलंस आणि कुजलेला तसाच ठेवलास, कारण कधीकाळी तो पास झालेला होता!

इथवर मी समजून घेतलं असतं. तुझा हट्ट आम्हाला नवा नाही. नळाला वॉशर बसवताना तू फूटपट्टी मागायचास. माणूस आपल्या कामाच्या सवयीतून सुटत नाही, असं म्हणून मी गप्प बसले असते.

पण पुढचं आहे. त्याच वर्षी गाडीला पंधरा वर्षं झाली. परिवहन कार्यालयात नेऊन ती रस्त्यावर चालवण्याजोगी आहे असं नव्याने लिहून आणायचं होतं. आपल्या ब्रेकवर तिथला निरीक्षक फसणार नाही हे तुला कळत होतं. तू स्वतःच निरीक्षक! म्हणून तू काय केलंस? कारखान्यातला तुझा मित्र साठे, त्याची गाडी अगदी आपल्यासारखीच, त्याच वर्षाची. आदल्या दिवशी मुरुगेसनला सांगून त्याच्या गाडीचा मास्टर सिलिंडर काढलास, आपल्या गाडीला बसवलास. टायरही चारही त्याचेच. दुसऱ्या दिवशी गाडी पास. संध्याकाळी सगळं ज्याचं त्याला परत, आणि आपला जुना पुन्हा आपल्या गाडीत.

मुरुगेसनने विचारलं होतं, "सार, आता तरी?" तू म्हणालास, "बिघाड नाही रे, सवय आहे तिची. मला ती सवय माहीत आहे."

तुला माहीत आहे! आणि बाकीच्यांना?

त्या दिवशी तू पेढे आणले होतेस. मला लख्ख आठवतं. आईने गाडीला कुंकू लावलं, तू म्हणालास, "आणखी पाच वर्षं बघायला नको." मी दोन पेढे खाल्ले.

तुझी एक गोष्ट तू दर लग्नात, दर बारशाला सांगायचास. कारखान्यात लष्करी गाड्यांना लागणारा कुठलासा माल तू अडवला होतास. बारीक चीर होती, डोळ्यांना न दिसणारी. मोठे साहेब स्वतः आले, म्हणाले, जाऊ द्या, एवढ्याने काही होत नाही. तू त्यांना विचारलंस, "साहेब, या गाडीत तुमच्या मुलाला बसवाल का?" साहेब मुकाट्याने परत गेले. ही गोष्ट ऐकताना माझी छाती फुगायची. मग मुक्ताला तू कशात बसवत होतास, दादा? रोज सकाळी शाळेत कशातून सोडत होतास? तुला कुणी विचारायला हवं होतं. मीच विचारायला हवं होतं. मला दिसत होतं तुझं पाय मारणं. मी हसत होते.

तुझं चांगलं काही आठवत नाही असं नाही. बाबांनी मला स्कूटरसुद्धा चालवू दिली नव्हती, तेव्हा तू मला समुद्राकडच्या मोकळ्या रस्त्यावर नेऊन ही गाडी शिकवलीस. मी दोनदा खांबाला घासली, तू घरी सांगितलं नाहीस. पण आज ते आठवून मला मऊ व्हायचं नाही. तू असं काय काय घरी सांगत नव्हतास, हे आता कळतंय.

आज सकाळी मी वहिनीकडे गेले. ती स्वयंपाकघरात खाली बसून स्टीलचे डबे खोक्यात भरत होती. एकात एक घालून, मध्ये कागद. मी तिला सगळं सांगितलं. मास्टर सिलिंडर, मायक्रोमीटर, साठे, सगळं.

तिने हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे माझं चुकलं नव्हतं?"

"नाही."

"दोनदा दाबायला वेळच नव्हता, सुधाताई. ऑटो एकदम थांबली."

"माहीत आहे."

"ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत एकदा दाबला की लागायचा. मी ह्यांना म्हटलंही होतं."

"मग?"

"म्हणाले, ती सगळ्यांच्या पायाखालची गाडी. आपली ओळखीच्या पायाचंच ऐकते." ती थोडी हसली. "मला वाटलं, माझी ओळख अजून व्हायची आहे."

मी म्हटलं, "वहिनी, हॉस्पिटलात मी जे बोलले…"

"सगळेच बोलले."

"सगळ्यांचं राहू दे. माझं चुकलं."

"तुमचं जास्त लागलं," ती म्हणाली. "तुम्हाला गाडी चालवता येते ना, म्हणून. मला वाटलं, येणारी बाई म्हणते म्हणजे खरंच असेल."

ती उठली, चहा टाकला. मला वाटलं आता तिला रडू येईल, राग येईल. मी तयार होते. पण चहा गाळता गाळता ती म्हणाली, "आईंना सांगू नका."

"का?"

"नका सांगू. मी सांगलीला गेले की मला कुणी काही विचारणार नाही. त्यांना रोज सकाळी उठून त्या फोटोकडे बघायचं आहे. बघू देत."

"आणि तू? जन्मभर सासूचा हात मोडणारी म्हणून राहणार?"

"मला माहीत आहे ना आता. पुरे आहे."

पुरे आहे म्हणते! ऐकतोयस? तू तिला फुटक्या ब्रेकवर बसवून गेलास आणि ती तुझा फोटो सांभाळतेय. तिने तुला शिव्या दिल्या असत्या तर मी कदाचित तुझी बाजू घेतली असती. बहीण आहे, घेतलीच असती. पण तिने एक वाकडा शब्द काढला नाही, आणि त्यानेच माझं डोकं फिरलं. तिच्या वाट्याचा राग मीच करायचा का आता? ठीक आहे, करते.

निघताना मुक्ता जिन्यापर्यंत आली. तिने ऐकलं होतं सगळं. म्हणाली, "आत्या, बाबांना खरंच माहीत होतं?" चौदा वर्षांच्या मुलीला मी काय सांगायला हवं होतं, ते तूच सांग. मी "हो" म्हटलं. ती म्हणाली, "मग आजीला का नाही सांगायचं? आई गेले चार महिने झोपत नाही."

दुपारी घरी येऊन मी आईला जरा चाचपून पाहिलं. ती डाव्या हाताने वाती करत बसली होती. वाकड्यातिकड्या होतात, पण करते. मी म्हटलं, "आई, गाडीतच काही दोष असला तर?"

"विनूच्या गाडीत?" तिने मान वर केली नाही. "बये, अख्खं सैन्य त्याच्या सहीवर चालायचं."

"तरी समज, असला."

"सुनेने तुला काय चारलंय?"

बोलणं तिथेच संपलं. तुझी आई आहे ती, आधी तुझी आणि मग माझी. नेहमीच होती. पण दादा, तुझं नाव तिच्यापाशी स्वच्छ राहावं म्हणून वहिनीने गाव सोडायचं, मुक्ताने शाळा सोडायची, आणि आईने उरलेली वर्षं ज्या सुनेच्या हातचं खाऊन काढली असती तिच्याशी वैर धरून माझ्या घराच्या कोपऱ्यात काढायची? एका फोटोसाठी एवढं? मी हे होऊ देणार नाही.

वहिनीला मी "बरं" म्हटलं नाही. "बघू" म्हटलं. ते तिने मान्य केलं असं समजते.

उद्या रविवार. मुरुगेसन दहा वाजता येतो आहे. यायला तयार नव्हता. म्हणाला, "अम्मा मला चपलेने मारतील, अक्का." मी म्हटलं, "उजवा हात अजून वर जात नाही तिचा. ये निर्धास्त." तो भाग घेऊन येईल आणि साठ्यांच्या गाडीचं काय झालं तेही स्वतःच्या तोंडाने सांगेल. त्याचंही त्यात चुकलंय, हे त्याला कळतं. तो ते कबूल करायला येतोय. तुझ्याहून बरा.

तुला एक शब्द देते. मी आईला 'गाडी जुनी झाली होती' असं गुळमुळीत काही सांगणार नाही. तिला वाटेल तसं वळवता येईल असं एकही वाक्य बोलणार नाही. विनूला माहीत होतं, विनूने लपवलं, हेच आणि एवढंच, तुझं नाव घेऊन. ती रडली तर शेजारी बसेन. मला घालवून दिलं तर दाराबाहेर बसेन. माझंच घर आहे, जाणार कुठे!

काय होईल ते मला साधारण दिसतंय. आई आधी मुरुगेसनला खोटं पाडेल, मग मला. साठ्यांना फोन लाव म्हणेल, आणि मी लावेन. साडेअकराला वहिनी आणि मुक्ता येतील. वहिनीला उद्याच्या या बेताचं काही माहीत नाही, ती पापड्या घेऊन येईल. आई तिला चार महिन्यांनी पहिल्यांदा विचारेल, "हे खरं आहे का?" वहिनी तुला वाचवायला 'नाही' म्हणायची शक्यता बरीच आहे. म्हणाली, तर मुक्ता गप्प बसणार नाही, असा माझा अंदाज आहे.

अर्ज वहिनीच्या पर्समध्ये भरून तयार आहे. खाली सही तेवढी राहिली आहे.

तुझी धाकटी बहीण,
सुधा